उबाल्दिनाबाईंच्या घरचा फोन

फाकातातिवा
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय एदिल्मा,

अनेक आशीर्वाद. मी इकडे धडधाकट आहे, गुडघे सोडले तर. तुम्ही सगळे तिकडे उम्बितात बरे असाल असं धरून चालते, कारण बरं नसतं तर तू बटाट्यांचं एवढं मोठं पोतं पाठवलंच नसतंस. पोतं गुरुवारी आलं. पत्र शुक्रवारी. बसवाल्याच्या खिशात राहिलं होतं म्हणे. उबाल्दिनाबाईंनी न विचारता पोत्यातला आपला वाटा काढून घेतला. घरमालकीण आहे, चालायचंच. सत्तरी उलटली तरी बाईंचा दरारा कमी नाही आणि फोन वाजला की अजूनही घरात सगळ्यांच्या आधी त्याच धावतात.

आता तुझा प्रश्न. तुझ्या युरानीला इथे फुलांच्या फार्मवर कामाला यायचंय, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून. पोरगी ऐकत नाही, तेव्हा ताई तू खरं खरं सांग, एजन्सी चांगली की वाईट? असं तू लिहिलंस आणि खालीच लिहिलंस की तुझं मत ठरलेलं आहे. मग मला कशाला विचारतेस बाई? पण विचारलंस तर सांगते. अकरा वर्षं मी या फुलांत काढली आहेत. निम्मी एजन्सीची म्हणून, निम्मी फार्मची म्हणून. माझ्याइतकं तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

आपण पहिल्यांदा आलो तेव्हाचं आठव. तेव्हा कुठली आली होती एजन्सी आपल्या वाट्याला! अंधारात फार्मच्या फाटकाशी उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील ती आत जायची. बोट दाखवायच्या आधी तो मेला काय काय बघून घ्यायचा, तेही तुला आठवत असेल. त्याच्या बायकोच्या ओळखीची असलीस तर रोज काम, नाहीतर परत घरी. आता तसं नाही. एजन्सीत जायचं, खुर्चीवर बसायचं, ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा. कोणाची भाची, कोणाची सून, कोणी विचारत नाही. पहिल्या दिवसापासून दवाखान्याचं कार्ड. फुलं निवडायच्या माझ्या टेबलावर ओत्तीलिया आहे, तिचं पित्ताशय ती कामाला लागल्यापासून नवव्या दिवशी काढलं. फाटकावरच्या मुकादमाने तिला घोडागाडीत घालून दवाखान्यात नेलं असतं का? आणि पंधरवड्याचा पगार पंधरवड्यालाच होतो.

शिवाय एक फार्म आवडलं नाही तर दुसरं मागता येतं. औषध मारल्यावर दोन तासांत बायकांना आत पाठवतात असं एक फार्म इथे आहे. आमच्या दोघी-तिघींनी एजन्सीत जाऊन स्पष्ट सांगितलं, तिथे नाही जाणार. कटकट झाली, पण बदलून दिलं. एकटी बाई फाटकावर उभी राहून असं बोलू शकते का सांग.

आता दुसरी बाजू. मी काही एजन्सीची सून नाही, तेव्हा तीही सांगते.

आमच्या सांता रुफिना फार्मवर कायमच्या माणसांना हिरवी टोपी आणि एजन्सीच्या माणसांना नारिंगी. म्हणून त्यांना सगळे ‘संत्री’ म्हणतात. "ए संत्री, सरक जरा." "काय ग संत्री, फेब्रुवारीत हंगाम संपला की सोलणार ना तुला?" असं चालतं. डबे गरम करायच्या पेटीत आधी हिरव्यांचे डबे, जागा उरली तर संत्र्यांचे. नाताळात हिरव्यांना खाऊची टोपली मिळते, संत्री नुसती बघतात. हातमोजा फाटला तर फार्म म्हणतं एजन्सी देईल, एजन्सी म्हणते फार्म देईल, आणि ती बिचारी एका हातात मोजा आणि दुसऱ्या हातात काटे घेऊन आठवडाभर गुलाब निवडते. कामाला घेताना लघवीची बाटली हातात देतात, पोटुशी आहेस का ते बघायला. तसं करायचा त्यांना अधिकार नाही असं मागे युनियनवाली सांगून गेली. अधिकार नाही, पण बाटली आहे.

आणि वर्ष भरायला आलं की काम सुटतं. दोन आठवडे घरी बसायचं आणि मग दुसऱ्या एजन्सीच्या कागदावर सही करून परत त्याच टेबलाशी त्याच जागी उभं राहायचं. ओत्तीलियाच्या तीन एजन्स्या झाल्या, टेबल एकच. कायमची म्हणून घ्यायला नको ना, म्हणून हा सगळा खेळ. त्यामुळे संत्रीला काही दुखलं तरी ती बोलत नाही. दुखतं म्हणाली की पुढच्या यादीत तिचं नाव येत नाही.

असं आहे सगळं. तरीही माझं मत विचारशील तर युरानीने यावं. सॅन व्हॅलेंटाइनच्या हंगामाची यादी चार डिसेंबरला उघडते. मी आता टेबलप्रमुख आहे, पोरीला कोणी संत्री म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या खोलीत खिडकीखाली दुसरी खाट मावते. संध्याकाळी शाळेचे वर्ग असतात, राहिलेली दोन वर्षं तिथे पुरी करील.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी एजन्सीने तुला बोलावतो म्हणून सांगितलं आणि बोलावलं नाही. अग, त्यांच्याकडे हजार नावं असतात. त्यातलं एखादं राहून जातं. जुनी गोष्ट झाली. मला हिरवी टोपी मिळाली आणि तुला नाही, ते नशीब म्हण आणि सोड.

युरानीला म्हणावं नखं कापून ये आणि लोकरीचे पायमोजे दोन जोड आण, थंड खोलीत पाय बधिर होतात.

तुझी,
आरासेली


उम्बिता
१० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. छान लिहिलंस. युरानीने ते चार वेळा वाचलं आणि संत्र्यांच्या गोष्टीवर हसली. मी हसले नाही.

तू सगळं सांगितलंस, मला खुपतं तेवढं सोडून. तू म्हणतेस एखादं नाव राहून जातं. माझं कसं राहिलं? फार्मच्या सुपरवायझर फाबिओलाबाईंनी हंगामाच्या शेवटच्या दिवशी माझे हात हातात घेऊन सगळ्या टेबलासमोर म्हटलं होतं, हिच्या हाताखालून गेलेल्या गुलाबाच्या पाकळीवर डाग सापडत नाही, हिला मी मागून घेणार. तू शेजारीच होतीस. तशा बाईने नाव मागितलं असेल आणि एजन्सीने फोनसुद्धा केला नसेल, तर ती माणसं खोटारडी आहेत. नाव मागितलं नसेल तर फाबिओलाबाई खोटारड्या. दोघांतलं काहीतरी एक.

मी फॉर्मवर आमच्या गावच्या टेलिफोन ऑफिसचा नंबर घालत होते. तूच म्हणालीस, त्या ऑफिसातल्या माणसावर काय भरवसा, उबाल्दिनाबाईंचा नंबर घाल, मी आहे ना. म्हणून तो घातला. तरी गावी आल्यावर मार्च आणि एप्रिल असे दोन महिने मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी चढण चढून टेलिफोन ऑफिसात जात होते. ताई, तुझा निरोप आला असेल म्हणून. शेवटी शेवटी तो माणूस मला लांबूनच बघून मान हलवायचा, म्हणजे मला आत यायचे कष्ट पडू नयेत. युरानीला फाकातातिवाच्या शाळेत घालायचं म्हणून मी काळे बूट घेऊन ठेवले होते. ते तिला लहान झाले. मग शेजारणीच्या मुलीला दिले.

तेव्हा मला एजन्सीचं कौतुक सांगू नकोस. माझ्या मुलीला मी कोणाच्या फोनची वाट बघत बसवणार नाही. तिच्या धर्ममातेने बोगोतात एक घर बघितलं आहे. डॉक्टरांचं घर, राहून काम, खाणं-पिणं तिथेच, महिन्यातून एक रविवार सुट्टी. मी शब्द दिला आहे. एक डिसेंबरला ती जाईल. पोरगी रडते आहे, पण रडून थांबेल. मीही थांबले होते.

तुझ्या गुडघ्यांना गरम मिठाचा शेक दे.

एदिल्मा


फाकातातिवा
रविवार, १९ नोव्हेंबर

एदिल्मा,

आज खुशाली वगैरे काही लिहीत नाही. हे पत्र मी बसवाल्याच्या खिशात देणार नाही, त्याच्या बायकोच्या हातात देणार आहे आणि मंगळवारी पोचलं पाहिजे म्हणून तिला बजावणार आहे. एकटी असताना वाच. युरानीलाही मग वाचायला दे, मला काही लपवायचं नाही. म्हणजे आता नाही.

तू म्हणतेस दोघांतलं कोणीतरी एक खोटारडं. तिसरं माणूस तुझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्यावर एवढा विश्वास का ठेवलास ग?

फोन आला होता.

मार्च महिना होता, मंगळवार, सकाळचे दहा वाजले असतील. हंगाम संपून तीन आठवडे झाले होते. मी उबाल्दिनाबाईंचा जिना पुसत होते, कारण भाड्याच्या बदल्यात तेवढंच काम हातात होतं. फोन वाजला. बाई नेहमीप्रमाणे धावल्या आणि ओरडल्या, "सानाब्रियाला फोन!" मी ओले हात झग्याला पुसत गेले. एजन्सीतली इवोन बोलत होती. म्हणाली, "एदिल्मा सानाब्रिया? तुमचं नशीब उघडलं बाई. सांता रुफिनाने नावानिशी मागितलंय. फार्मच्या स्वतःच्या कागदावर, हिरवी टोपी. उद्या सकाळी सहाला फाटकावर या. आला नाहीत तर जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल."

मी म्हटलं, ती गावी गेली आहे, मी तिची बहीण. इवोन म्हणाली, मग निरोप द्या, दुपारी बारापर्यंत मला कळवा. मी हो म्हटलं. ऐकतेस ना? मी हो म्हटलं आणि निरोप द्यायला निघालेही. चौकातल्या टेलिफोन ऑफिसच्या दारापर्यंत गेले, नाणी मुठीत धरून. तिथून उम्बिताला फोन लावला असता, तिकडच्या माणसाने कोणाला तरी तुझ्याकडे पिटाळलं असतं, आणि दुपारच्या बसने तू निघाली असतीस.

पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की दारात मोठी रांग होती. एदिल्मा, रांग नव्हती. एक म्हातारी बाकावर बसून केळं खात होती, तेवढीच. मी दारात उभी राहिले आणि माझ्या डोक्यात आलं, हिला घर आहे, जवळ आई आहे, मुलगी आहे, गाय आहे. मला काय आहे? दुसऱ्याचा जिना. एवढा विचार करून मी परत फिरले. राग होता की भीती होती मला सांगता येत नाही, पण मी चालले मात्र ताठ.

घरी येऊन इवोनला फोन केला, म्हटलं, एदिल्मा येऊ शकत नाही, मी आहे ना, मीही तिथेच होते, पलीकडच्या टेबलावर. तिने कागद चाळलेले ऐकू आले. मग म्हणाली, "ही सानाब्रिया काय आणि ती सानाब्रिया काय. या उद्या."

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुझ्यापुढे कशीबशी उभी राहिले असते. पण दुसऱ्या दिवशी फाबिओलाबाईंनी मला बघितलं आणि विचारलं, "ती दुसरी कुठे आहे? मी तिला मागितलं होतं." आणि मी म्हटलं, तिला यायचं नाही, तिची मनगटं दुखतात.

जानेवारीत तुझी मनगटं सुजली होती. तू कोणाला सांगितलं नव्हतंस, मला सोडून. रोज कामावरून आल्यावर मी गरम पाण्यात फडकं पिळून तुझ्या हाताला बांधत होते. तू सांगितलं होतंस, ताई, कोणाजवळ बोलू नकोस, यादीतून काढतील. तेच मी बोलले. आणि तसंच झालं. फार्मने एजन्सीला कळवलं, तुझ्या कार्डावर ‘मनगटं’ असं लिहिलं गेलं, आणि त्या दिवसापासून एजन्सीने तुझं कार्ड उचललंच नाही. मागच्या पत्रात मी तुला शहाणपणाने लिहिलं, दुखतं म्हणालं की यादीत नाव येत नाही. लिहून वर पाकीटही चिकटवलं, बघ. एवढी मी कोडगी झाले आहे.

तू डोंगर चढून टेलिफोन ऑफिसात जात होतीस हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तू दोन दिवस चिडशील आणि विसरशील. ते काळे बूट मात्र मला झोपू देत नाहीत.

आता पुढचं ऐक. नुसतं रडगाणं गायला मी कागद घेतलेला नाही.

तुझं पत्र आल्यावर सोमवारी मी एजन्सीत गेले. इवोन अजून तिथेच आहे, आता केस रंगवते. मी म्हटलं, एदिल्मा सानाब्रियाचं कार्ड काढ. "पाच वर्षांपूर्वीचं? बाई, मला काय दुसरे उद्योग नाहीत?" मी म्हटलं, नाहीत, काढ. खोक्यात सापडलं. तुझा फोटो, फॉर्म, आणि कोपऱ्यात लाल पेनने: मनगटं दुखतात, बहिणीने सांगितलं. बहिणीने सांगितलं, असंसुद्धा लिहिलंय ग. मी काउंटरवर सगळ्यांसमोर म्हटलं, बहीण खोटं बोलली होती. ती बहीण मीच. ते खोडा. इवोनने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग खोडलं, वर तारीख घातली आणि माझी सही घेतली.

मंगळवारी फाबिओलाबाईंकडे गेले. थंड खोलीत त्या एकट्या होत्या, जुड्या तपासत. मी सगळं सांगितलं, वाक्यावाक्याने, एकही रांग न घालता. मला वाटलं होतं टोपी तिथेच काढून घेतील. मी तयारीने गेले होते, डबासुद्धा बरोबर घेतला होता घरी न्यायला. त्या बराच वेळ जुड्या मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "तरीच. पहिल्या वर्षी तुझ्या टेबलावरच्या पाकळ्यांना डाग असायचे. मला वाटायचं, एका आईच्या पोटच्या दोघी, आणि हातात एवढा फरक?" मी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "तुला काढून मला काय मिळणार आहे? हंगाम तोंडावर आलाय. पण तिला तू सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. "मग माझ्यापुढे कशाला आलीस? जा, आधी तिला सांग."

म्हणून सांगते आहे. कामाच्या बाबतीत माझं तोंड कधी बंद नसतं, तुला माहीत आहे. हेच सांगायला पाच वर्षं लागली. माझी हिरवी टोपी तुझी आहे. ती मी घातली, तिच्या जोरावर टेबलप्रमुख झाले, नाताळच्या टोपल्या घरी आणल्या, आणि त्यातला चॉकलेटचा डबा दरवर्षी तुला पाठवत आले, म्हणजे माझं मन हलकं व्हावं. तू तो युरानीला देत होतीस. माफी मागते. मागून मिळेल असं वाटत नाही, पण मागते.

पण माझ्यावरच्या रागापायी पोरीला त्या डॉक्टरांच्या घरात कोंडू नकोस. राहून काम म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, आपली आई केवढी तरी वर्षं करत होती. तिथे सुट्टी मालकिणीच्या मर्जीवर आणि दुखणं आपल्यापाशी. एजन्सीचे दोष मी तुला सगळे लिहिले, त्यातला एकही मागे घेत नाही. संत्री म्हणतील, बाटली देतील, वर्षाने घरी बसवतील. पण तिथे कागद असतो, आणि कागदावर काय लिहिलंय ते मागून बघता येतं, खोडताही येतं. मी सोमवारी ते करून आले. घरकामाला ठेवलेल्या मुलीबद्दल मालकीण कुठे काय बोलते, ते कोण खोडणार?

एजन्सीने तुला फसवलं नव्हतं. त्यांनी फोन केला होता. तुझी मुलगी या एका गोष्टीपायी बोगोताला जाणार असेल, तर ती गोष्टच खोटी आहे.

फॉर्म सोबत पाठवते. युरानीचं नाव, वय, शाळा, सगळं भरलं आहे. फोनचा रकाना मोकळा ठेवला आहे.

उत्तर नाही पाठवलंस तरी मी तीन तारखेच्या रविवारी बसच्या थांब्यावर उभी असेन, पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत.

ताई म्हणवून घ्यायला आता तोंड नाही,
आरासेली


उम्बिता
२५ नोव्हेंबर

आरासेली,

पत्र मंगळवारीच मिळालं. बसवाल्याची बायको आत येऊन बसली, मी वाचून होईपर्यंत उठली नाही. मग तिनेच गाईचं दूध काढलं.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. तुला काय काय बोलायचं ते सगळं मनात तयार आहे, पण ते कागदावर लिहिणार नाही. समोर उभी राहशील तेव्हा बोलेन. कमीत कमी दोन तास लागतील, तेव्हा जेवून ये.

धर्ममातेला मी जाऊन सांगितलं की युरानी येणार नाही. ती रागावली. तिला म्हटलं, रागवायचं तर रांगेत उभी राहा, माझ्या आधी कोणाचा नंबर नाही.

युरानी तीन तारखेच्या सकाळच्या बसने निघेल. खिडकीखालची खाट तिला. लोकरीचे पायमोजे दोन जोड विणून झाले आहेत. बटाटे पाठवते, ते उबाल्दिनाबाईंना दे, तुला नाहीत.

मोकळा रकाना मी भरला आहे. आता आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात फोन आहे आणि दुकानदारीण माझ्याबरोबर शाळेत होती. तो नंबर घातला आहे. युरानीबद्दल कोणाला काही कळवायचं असेल तर तिच्या आईला कळवायचं. ‘मी आहे ना’ असं यावेळी म्हणू नकोस.

आणि एक. फॉर्म तू एकच पाठवलास. तिच्यासोबत त्याच बसने मीही नाव घालायला येते आहे (बोलावणं येईपर्यंत मग गावीच), तेव्हा चार तारखेच्या आधी एजन्सीतून दुसरा आणून ठेव. फाबिओलाबाईंना सांग, मनगटं माझी आहेत. दुखतात की नाही, ते मी सांगेन.

एदिल्मा सानाब्रिया
(फोन औषधाच्या दुकानात. निरोप माझ्याच हातात द्यायचा.)